काळी पाचचा तबला

मी तबला बोलतोय. डग्गा नव्हे, तबला. जोडीतला उजवा, लाकडाचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक आम्हा दोघांना मिळून तबला म्हणतात आणि टाळ्या पडल्या की डग्गा उगीच फुगून बसतो. तो मुळातच फुगलेला आहे, तो भाग वेगळा.

बोलायची मला सवय आहे, पण आजवर बोललो ते दुसऱ्याच्या बोटांनी. आज पहिल्यांदाच स्वतःहून बोलतोय. थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

मला घडवणारा कारागीर कमी बोलणारा माणूस होता. त्याचं दुकान अरुंद, बसायची जागा दारातच. चामड्याच्या वादीचं एक टोक दातांत धरून दोन्ही हातांनी तो ताण द्यायचा, त्यामुळे कुणी काही विचारलं तर उत्तर न द्यायला निमित्त तयार असायचं. त्यानं माझं शिसवीचं खोड आतून कोरलं, तोंडावर कातड्याची पुडी चढवली, कडेनं गजरा विणला, वाद्या ओढल्या, वाद्यांखाली लाकडी गठ्ठे सारले आणि मधोमध काळी शाई थरावर थर देत घोटली. घोटताना तो गुणगुणायचा, तेही बेसूर. इतके सुरेल तबले करणारा माणूस गाताना असा बेसूर कसा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मला न्यायला आले ते काका. पुढे त्यांच्या घरी येणारा प्रत्येक शिष्य त्यांना काकाच म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि ते नाकावर माशी बसू देत नव्हते. दुकानातले बाकीचे सगळे तबले त्यांनी वाजवून पाहिले आणि एकेकाला नाक मुरडलं.

"मला काळी पाचला लागणारा हवा," ते म्हणाले. "बायको गाते माझी."

कारागिरानं दातांतली वादी काढली. "मग हा न्या. याला दुसरं काही जमत नाही."

मला ते फार लागलं होतं. पण खोटं नव्हतं. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात हे तुम्ही पाहिलंच असेल. गाणारा ज्या पट्टीवर आपला सा धरतो ती त्याची पट्टी. कुणाची उंच, कुणाची खालची, जसा ज्याचा गळा. आम्हा तबल्यांना त्याच सा ला मिळवतात. माणसाला गळा ताणून जरा वरखाली जाता येतं. आम्हाला तोंडाच्या मापापलीकडे जाता येत नाही. फार चढवलं तर पुडी फाटते आणि फार उतरवलं तर नाद जातो. माझं तोंड काळ्यांतल्या पाचव्या पट्टीच्या मापाचं. तिथे काकांनी माझ्या काठावर पहिलं बोट मारलं तेव्हा असा 'ना'चा बोल निघाला, की रिकाम्या वाटीवर चमचा पडावा. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यांनी मला कापडात गुंडाळलं आणि घरापर्यंत कुणाच्या हाती दिलं नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत सतरंजी, कोपऱ्यात गवसणी घातलेले दोन तंबोरे, भिंतीला टेकवलेलं एक लाकडी बाक आणि खिडकीखाली बसथांबा. बस येऊन उभी राहिली की तिच्या इंजिनाचा एक जाड सूर लागायचा आणि तो बाईंच्या निषादाशी भांडायचा. बाई हाताच्या इशाऱ्यानं सगळ्यांना थांबवायच्या, बस जाऊ द्यायच्या आणि जिथे सोडला होता तिथूनच स्वर उचलायच्या. शिष्यांना वाटायचं हाही शिकवण्याचाच भाग आहे.

बाई म्हणजे काकांची बायको. उंच, बारीक, बोलायला तिखट आणि गायला लागल्या की एकदम मऊ. त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं. आईची पट्टी काळी पाच, म्हणून बाईंची काळी पाच, म्हणून बाईंच्या प्रत्येक शिष्याची काळी पाच. गुरूच्या पट्टीत शिकायचं असा त्या घरचा कायदाच होता. गळा कसाही असो, त्याला त्या पट्टीत बसवायचं. शिकवताना पेटी घ्यायची नाही, हा आईचाच दुसरा कायदा. दोन तंबोरे, मी आणि डग्गा, एवढ्यावर शाळा चालायची.

तिसराही कायदा होता, तो बाईंनी एकदा एका शिष्येला सांगितला तेव्हा मी ऐकला. "आई म्हणायची, गळा थकला की गाणं थांबवावं, पट्टी उतरवू नये. पट्टी उतरवून गाणं म्हणजे स्वतःचीच नक्कल करणं."

तेव्हा बाई भर उमेदीत होत्या. असं बोलायला त्या वयात काही लागत नाही.

त्या काळाबद्दल काय सांगू! आम्ही खूप हिंडलो. लहान सभागृहं, मोठी सभागृहं, कुणाच्या घरची बैठक, कधी शाळेच्या वर्गात बाकं मागे सारून केलेला मंच. काकांना दुसऱ्यांची साथ करायची बोलावणी येत, पण ते पट्टी विचारायचे आणि काळी पाच नसेल तर जायचे नाहीत. म्हणायचे, "माझा तबला एकाच गळ्याचा आहे." लोकांना तो विनोद वाटायचा. बाई मात्र तंबोऱ्याच्या खुंटीशी उगाच काहीतरी करत राहायच्या.

आता खर्जाताईबद्दल सांगतो, कारण पुढे सगळं तिच्यावरच यायचं आहे. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि सुटली की तशीच शिकायला यायची, हातांना औषधाचा वास घेऊन. तिचा आवाज जाड आणि खोल. खाली, खर्जात, ती काय सुंदर उतरायची! पण वर जायची वेळ आली की बिचारीचं धाबं दणाणायचं. तार सप्तकातला पंचम तर तिला कधी लागलाच नाही. मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळे मिटायचे आणि ऐन वेळी आवाज दगा द्यायचा. बाकीच्या मुलींनी तिचं नाव खर्जाताई पाडलं. तीही हसायची. एकदा मात्र सगळ्या गेल्यावर ती बाईंना म्हणाली, "बाई, माझ्यासाठी पट्टी जरा खाली घेता नाही येणार?"

"गळ्याचे लाड केले की तो बसतोच," बाई म्हणाल्या. "रोज घोट. लागेल."

तिनं मान हलवली आणि पर्स उचलून गेली. काका माझा गजरा पुसत होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा पुसायला लागले.

मग वर्षं गेली. माझी पुडी तीनचारदा बदलली, काकांचे केस पांढरे झाले, बोटांच्या पेरांवर गाठी आल्या. सकाळी ते हात कोमट पाण्यात बुडवून बसायचे आणि मगच मला मांडीपुढे घ्यायचे. आणि बाईंचा आवाज जड व्हायला लागला. बिघडला नव्हता हं! उलट आता त्याला खालच्या अंगाला एक साय आली होती. पण वरचे स्वर पूर्वी नुसते हाक मारली की यायचे, ते आता बोलवावे लागायचे.

एका बैठकीत ते घडलं. बाई तार पंचमाकडे निघाल्या, पोचल्याही, आणि तिथे आवाज फाटला. काकांना ते कसं आधीच कळलं देव जाणे. त्याच क्षणी त्यांनी माझ्यावर आणि डग्ग्यावर असा जोरात हात टाकला की सम आल्यासारखं वाटलं. पुढच्या रांगेतल्यांनी 'वा' म्हणून मान डोलावली. फाटलेला स्वर त्या 'वा' खाली झाकला गेला.

सगळ्यांना फसवता आलं, बाईंना नाही. घरी आल्यावर त्यांनी दोन्ही तंबोऱ्यांना गवसण्या घातल्या आणि नाड्या घट्ट बांधल्या.

काका दाराशी उभे होते. "अगं, एक पट्टी खाली घे. काय बिघडतंय?"

"म्हणजे मी संपले म्हणा ना."

"मी असं कुठं म्हणतोय?"

"आई म्हणायची तेच खरं. आता शिकवेन, गाणार नाही."

शिकवतानाही मग त्या नुसतं तोंडानं सांगायच्या, गळ्यातून काढून दाखवायच्या नाहीत. सकाळचा रियाज बंद झाला. त्या वेळी त्या स्वयंपाकघरात डबे पुसत बसायच्या; तेच डबे, रोज. बाहेरच्या खोलीत काका माझ्यासमोर बसून राहायचे, हात न लावता. मला बाईंचं गाणं ऐकायची सवय होती तितकीच काकांनाही होती. त्याशिवाय आम्ही दोघंही भुकेलेले होतो, असं म्हटलं तरी चालेल.

मग एक दिवस काकांनी तंबोऱ्यांच्या नाड्या सोडल्या. "मुली येणार आहेत, तंबोरे तरी मिळवून ठेवतो," असं ते आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. आणि त्यांनी हातोडी घेतली.

हातोडी मला नवी नाही. गजऱ्यावर वरून ठोकलं की मी चढतो, खालून ठोकलं की उतरतो. त्या दिवशी त्यांनी खालून ठोकलं. अगदी हलक्या हातानं, माझ्या सगळ्या बाजूंनी, एकसारखं. मी उतरलो. फार नाही, एखाद्या केसाइतका. मला वाटलं, आता कान लावून परत चढवतील. त्यांनी तंबोऱ्याच्या खुंट्या तेवढ्याच सैल केल्या, तारा माझ्याशी मिळवल्या आणि हातोडी ठेवून दिली.

मी चक्रावलो. काकांचा कान चुकला? मला वाटलं, वय झालं हो माणसाचं.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. पुन्हा खालून, पुन्हा केसभर. तेव्हा माझ्या लाकडी डोक्यात प्रकाश पडला. घरात पेटी नाही. सूर मिळवायचा तो काकांनी. ते मिळवतील तोच सा. बाईंच्या नकळत त्यांची पट्टी ते चोरून खाली आणत होते.

सूर तपासायची एक छोटी पिपाणी होती घरात, तोंडानं फुंकायची. ती काकांनी चष्म्याच्या जुन्या घरात लपवली आणि हरवली म्हणून बोंब ठोकली. मुलींच्या फोनमध्ये तंबोरा वाजतो आणि सूरही मोजता येतो, हे कळल्यावर तर त्यांची झोपच उडाली. दुसऱ्याच दिवशी नवा नियम आला: फोन बाहेर, चपलांच्या शेजारी. "एकाग्रता राहात नाही," काकांनी कारण दिलं. बाईंना नियम पसंत पडला. इतकी वर्षं त्या हेच सांगत होत्या म्हणे.

आणि एका सकाळी बाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. काका तंबोरा छेडत होते. बाई उभ्या उभ्याच सा लावून गेल्या, अगदी सहज, कपाटातलं काही काढता काढता बोलावं तशा. मग खाली बसल्या. मग चहा निवला. त्या दिवशी तो तसाच राहिला.

माझं काय झालं ते मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून मीच सांगतो. मी दिवसेंदिवस उतरत होतो. वाद्या सैल पडल्या, गठ्ठे वर सरकले, पुडीतला ताण गेला. माझा तो वाटीवरच्या चमच्यासारखा 'ना' कुठे गेला कोण जाणे. आता बोट पडलं की ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज निघायचा. मला लाज वाटायची. डग्ग्याला काय, तो कसाही घुमतो. तो माझ्याकडे पाहून अंगातल्या अंगात हसायचा.

जुने ओळखीचे लोक यायचे. एकदा त्यांच्यातला एक म्हणाला, "काका, तबला बसला वाटतं तुमचा. पूर्वी काय बोलायचा!"

"हवा ओलसर आहे," काका म्हणाले. बाहेर रखरखीत ऊन होतं.

ज्या माणसानं सुरासाठी दुकानातले सगळे तबले नाकारले, त्यानं हे ऐकून घेतलं. तेव्हा माझा राग गेला. मी म्हटलं, काकांना चालतंय तर आपण कोण मोठे लागून गेलो? उतरा खाली. आम्ही उतरत उतरत शेवटी काळी चारला येऊन थांबलो. त्याखाली माझ्यात काही उरलं नव्हतं आणि बाईंनाही त्याखाली जायची गरज नव्हती. त्यांचा तार पंचम परत आला होता.

खर्जाताईचाही आला. पहिल्यांदा लागला तेव्हा ती दचकून थांबलीच. मुलींनी टाळ्या वाजवल्या. तिनं पुन्हा लावला, मग पुन्हा, आणि शेवटी हसता हसता रडायला लागली.

"बघ, म्हटलं नव्हतं घोट म्हणून?" बाई म्हणाल्या.

"पण बाई, घरी नाही हो लागत," ती नाक पुसत म्हणाली. "घरी फोनवर तंबोरा लावून रोज करते, तिथे अजून फाटतोच. इथेच लागतो. तुमच्या या खोलीत काहीतरी जादू आहे."

काकांच्या हातातली हातोडी खाली पडली. ती उचलायला ते इतका वेळ वाकून राहिले की मला वाटलं कंबर धरली.

बाईंनी शिकवणं पुढे सुरू केलं. मुली गेल्या, काका पाणी प्यायला आत गेले, तेव्हा त्या माझ्यापाशी येऊन बसल्या. त्यांनी एका बोटानं माझ्या काठावर हळूच मारलं. टप्. पुन्हा मारलं. टप्. मग त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं माझी शाई उडालीय की काय. मग त्यांनी तळहात माझ्या पुडीवर ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या दुपारच्या कुठेतरी बाहेर पडल्या. काकांना म्हणाल्या, चष्म्याच्या दुकानात जाऊन येते.

त्याच सुमारास गावातल्या वाचनालयाकडून निरोप आला. त्यांच्या सभागृहात बाईंचं गाणं हवं होतं. काकांनी नाहीच म्हणायची तयारी ठेवली होती. पण बाई म्हणाल्या, "हो म्हणा. आवाज लागतोय आता."

काकांना आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. कारण मैफल म्हटली की साथीला पेटी. पेटीच्या पट्ट्या काही केसाकेसानं खाली सरकत नाहीत. पेटी काळी पाच म्हणाली की ती खरीखुरी काळी पाच, आणि गेलं वर्षभर बाई त्या उंचीला गेल्याच नव्हत्या. भर सभेत तो पंचम पुन्हा फाटला असता, तर पुन्हा गवसण्या, पुन्हा डबे. या खेपेला त्या कायमच्या गप्प झाल्या असत्या.

काका पेटीवाल्या मास्तरांकडे गेले. मला दुरुस्तीला नेतो असं सांगून निघाले होते, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं.

"तुम्ही गुपचूप काळी चार धरा," काका म्हणाले. "ती विचारणार नाही. पट्टी ठरलेलीच आहे असं तिला वाटतं."

मास्तर जुने मित्र. त्यांनी दाढी खाजवली. "आणि कळलं तर?"

"तर माझं काय व्हायचं ते होईल. पण गाणं होऊन जाऊ दे."

"बरं. मी काय, मुका माणूस. बोलेल ती पेटी."

काकांच्या जिवात जीव आला. पण मैफलीच्या दिवशी मास्तरांना ताप भरला आणि त्यांच्या जागी त्यांची सून आली. तीही उत्तम पेटी वाजवायची, मोठी चटपटीत. फक्त तिला यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. मास्तरांचं तापात सांगायचं राहून गेलं होतं.

मंचामागे एक खोली होती. तिथे जुन्या खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या आणि मधोमध सतरंजी टाकली होती. बाईंनी तंबोरा घेतला. मागे दुसरा घेऊन खर्जाताई बसली. काका हातोडीशी चाळा करत सुनेच्या जवळ सरकायला बघत होते. तेवढ्यात तिनं पेटीचा भाता उघडला.

"बाई, तुमची काळी पाच ना? आमच्याकडे सगळे सांगतात तुमच्या काळी पाचबद्दल," असं म्हणत तिनं पट्टी दाबली.

अरे देवा! पेटीचा तो लखलखीत सा एकीकडे आणि तंबोऱ्यांचा दुसरीकडे. दोन्ही एकमेकांना असे बोचले की बाहेर खुर्च्या मांडणाऱ्या माणसानं आत डोकावून पाहिलं. सुनेनं गोंधळून पट्टी सोडली, पुन्हा दाबली. खर्जाताईचा तंबोऱ्यावरचा हात थांबला. तिनं आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचे डोळे मोठे झाले.

काका पांढरेफटक पडले होते. "हवा..." ते म्हणाले. "हवेमुळे तंबोरे जरा..."

"काळी चार धर गं," बाई शांतपणे सुनेला म्हणाल्या. "काळी पाच माझी नाही आता."

तिनं काळी चार दाबली. पेटी, तंबोरे, सगळं एका जागी आलं. खोलीत एकदम किती बरं वाटलं!

"तुला..." काकांनी हातोडी खाली ठेवली. "कधीपासून?"

"ही म्हणाली ना, घरी लागत नाही, इथेच लागतो." बाईंनी मानेनं खर्जाताईकडे खूण केली. "गळा घरी जाताना काही बदलत नाही. मग मी तुमच्या तबल्याला हात लावून पाहिला. अहो, असा तबला तुम्ही एरवी एक क्षण तरी खपवून घेतला असता का? माझ्यासाठी तुम्ही त्याचा नाद घालवलात. तुम्हाला वाटलं, मला ते ऐकू येणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पुन्हा वर जावं लागलं असतं. हट्टानं." त्यांनी तंबोऱ्याची एक तार छेडली. "आणि मला नव्हतं जायचं वर. सुखानं गात होते हो मी. आई म्हणायची पट्टी उतरली की गाणं थांबवावं. मी तर वर्षभर गातेय. थांबलं कुठे?"

मग त्या मागे वळल्या. "तुझी मात्र मी इतकी वर्षं फरफट केली गं. तू तेव्हाच सांगत होतीस."

खर्जाताईनं नुसती मान हलवली. मग तंबोऱ्यावरचा थांबलेला हात तिनं पुन्हा फिरवायला घेतला.

बाईंनी आपल्या मोठ्या पिशवीतून एक कापडात गुंडाळलेली वस्तू काढून काकांपुढे ठेवली. काकांनी कापड सोडलं. तबला होता. माझ्याहून तोंड मोठं, शाई नवीकोरी, वाद्या पांढऱ्याशुभ्र. चष्म्याचं दुकान म्हणजे कुठलं दुकान ते मला तेव्हा कळलं. आमचा तो वादी दातांत धरणारा म्हातारा अजून हात चालवत होता तर!

काकांनी नव्याच्या काठावर बोट मारलं. काळी चार, नितळ. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. तेवढ्यानं काही भागलं नाही, तो पुन्हा काढावा लागला.

त्या संध्याकाळी मी मंचावर गेलो नाही. मी त्या खोलीत एका खुर्चीवर बसून भिंतीपलीकडचं ऐकत होतो. मला हेवा वाटला का? वाटला. इतकी वर्षं जिथे माझा 'ना' पडायचा तिथे दुसऱ्याचा पडत होता आणि डग्गा निर्लज्जासारखा त्याच्याशी जमवून घेत होता. पण मग बाई तार पंचमावर गेल्या आणि तिथे थांबल्या. घाई नाही, ओढाताण नाही. आपल्या घराच्या गच्चीवर उभं राहावं तशा त्या तिथे उभ्या राहिल्या. काकांनी त्या वेळी काही वाजवलं नाही, नुसता ठेका धरला. झाकायचं काही नव्हतंच. तेव्हा माझा हेवा कुठल्या कुठे गेला, हे मी खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला मांडीपुढे घेतलं आणि वरून ठोकायला सुरुवात केली. गठ्ठे खाली सरकले, वाद्या ताणल्या गेल्या. मी चढत चढत माझ्या जागी आलो आणि तो वाटीवरचा चमचा पुन्हा वाजला. आता त्या घरी नवा कायदा आहे. कुणी शिकायला आलं की बाई आधी म्हणतात, "गा बघू काहीतरी. तुझी पट्टी कुठली आहे ते पाहू." खर्जाताई तर काळी चारच्याही खाली शिकते आणि घरीसुद्धा तिचा पंचम लागतो. संध्याकाळी एक लहान मुलगी येते, आवाज असा बारीक की सगळे तिला चिमणी म्हणतात. तिची पट्टी काळी पाच. काका तिच्यासाठी मला वाजवतात आणि ती दर समेला माझ्याकडे बघून हसते. या वयात मला आणखी काय हवं?

पण एक गोष्ट सांगायची राहिली. ती सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करतोय.

काकांची बोटं आता फार आखडतात. कोमट पाण्यानं भागत नाही. विलंबित ठीक आहे, पण द्रुत लय चढली की त्यांचा हात मागे पडायला लागतो. मला ठाऊक आहे, नव्यालाही ठाऊक आहे. आणि गेल्या काही महिन्यांत बाईंचं द्रुत हळू झालंय. एकदम नाही, केसभर, मग आणखी केसभर.

परवा त्या गाता गाता म्हणाल्या, "अहो, जरा लय आवरा. मला आता श्वास पुरत नाही."

"आवरतो, आवरतो," काका म्हणाले. "तुला झेपेल तसं गा." त्यांचा आवाज इतका मायेचा होता आणि खांदे इतके ताठ! बायकोला सांभाळून घेतोय, याचा केवढा तो आनंद.

आज सकाळी काका औषध आणायला खाली उतरले. बाई स्वयंपाकघरात एकट्याच होत्या. भांडी लावता लावता त्यांनी अशी एक तान घेतली, इतकी लांब आणि इतकी भरधाव, की मधे श्वास घ्यायची त्यांना आठवणही झाली नाही. जिन्यात काकांची पावलं वाजली आणि तान तिथेच तुटली. दार उघडेपर्यंत बाई खुर्चीवर टेकून छातीवर हात ठेवून बसल्या होत्या.

तेव्हा माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. कधी या घरी गाणं ऐकायला आलात आणि द्रुत जरा सावकाश वाटलं, तर मान डोलवा आणि गप्प बसा. काकांना यातलं काही कळलेलं नाही. निदान त्यांच्या बोटांवरून तरी मला तसं वाटतं. मी तबला आहे, पोटात काही ठेवणं मला जमत नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही मात्र कुणाला सांगू नका.